हतनूर पाहू द्या, पण पाण्याच्या वेळापत्रकाप्रमाणे

प्रति,
सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, जळगाव.

विषय : हतनूर जलाशयावरील पर्यटनाची आखणी पाण्याच्या चढउताराप्रमाणे करण्याबाबत.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी भुसावळचा एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आहे. नोकरीची बहुतेक वर्षे गाड्यांच्या वेळा जुळवण्यात गेली आणि सुट्टीचे बहुतेक दिवस वरणगावच्या रस्त्याने तापीवरच्या हतनूर धरणाकडे जाण्यात गेले. आधी सायकल होती, मग स्कूटर आली, आता मुलगा गाडीने सोडतो. पण पावसाळ्यात दोन-तीनदा धरणाच्या भिंतीकडे आणि हिवाळ्यात जमेल तितक्या वेळा वरच्या अंगाला, चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाकडे, हा नेम फारसा चुकलेला नाही. जिल्ह्यातल्या स्थळांना ‘क’ वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा देणे आणि त्यांच्यासाठी निधीची तरतूद करणे हे आपल्या समितीच्या हातात असते, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच की धरण पाहायला जाणाऱ्या माझ्यासारख्यांनीही ते वाचावे, कारण यातल्या काही गोष्टी आपल्याहून अधिक त्यांच्या हातातल्या आहेत.

जलाशयाच्या पर्यटनाचा विषय निघाला की कागदावर ठरावीक गोष्टी उमटतात : बगीचा, कारंजे, वेगाने धावणाऱ्या मोटारबोटी, रंगीत दिवे, फोटोसाठी मोठ्या अक्षरांत लिहिलेले गावाचे नाव. धरणालगतच्या मोकळ्या जागा आणि विश्रामगृहे खासगी भागीदारीतून पर्यटनासाठी विकसित करण्याचे धोरण राज्यात आलेले असल्याने असे कागद यापुढे अधिक येतील. त्या सगळ्याला माझा सरसकट विरोध नाही. मुलांना झोके आणि बायकांना स्वच्छ स्वच्छतागृहे कोणत्याही धरणावर हवीतच. पण हतनूर हे वर्षभर एकाच रूपात दिसणारे तळे नाही. ऑगस्टमध्ये ते नदी असते, डिसेंबरात तलाव असते आणि मेमध्ये त्याच्या बऱ्याच भागात शेती उभी असते. जी आखणी या तीन रूपांपैकी एकच गृहीत धरील, ती उरलेल्या दोन ऋतूंत निरुपयोगी तरी ठरेल किंवा नुकसान तरी करील. पाण्याचे वेळापत्रक आधी मांडावे आणि पर्यटनाचे त्याच्या खाली लिहावे, एवढीच माझी विनंती आहे. बाकीचे पत्र हा तिचा खुलासा आहे.

पावसाळ्यापासून सुरुवात करतो, कारण गर्दी तेव्हाच असते. ‘हतनूरचे ४१ दरवाजे पूर्ण उघडले’ अशी बातमी आली की भुसावळ, जळगाव, सावदा, फैजपूर, मुक्ताईनगर, सगळीकडून मोटारसायकली निघतात. रस्त्याच्या कडेला मक्याच्या कणसांच्या शेगड्या लागतात, भज्यांचा घाणा सुरू होतो आणि दरवाजांखालून सुटलेल्या गढूळ, चहाच्या रंगाच्या पाण्याचा आवाज दूरवर ऐकू येतो. तुषार अंगावर येतात. ज्या मुलखात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथल्या माणसाने या आवाजासाठी संसार घेऊन धावत यावे यात नवल नाही, आणि त्याला नावे ठेवणाऱ्यांशी माझे कधी जमले नाही.

मात्र त्या गर्दीत उभे राहून मी एक प्रश्न अनेकदा ऐकला आहे : आपल्याकडे तर आठ दिवसांत थेंब नाही, मग एवढे पाणी आले कुठून? उत्तर तापीच्या आणि पूर्णेच्या वरच्या अंगाला आहे. तापी मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते आणि बऱ्हाणपूर ओलांडून आपल्याकडे येते. पूर्णा सातपुड्यातून उतरून अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतले पाणी गोळा करीत येते. चांगदेवला दोघी भेटतात आणि थोड्याच अंतरावर खाली धरण आहे. त्यामुळे भुसावळात लख्ख ऊन असताना हतनूरला पूर असू शकतो; तो पाऊस आदल्या दिवशी चिखलदऱ्याला, बऱ्हाणपूरला, गोपालखेड्याला किंवा लखपुरीला पडलेला असतो. या केंद्रांवरच्या पावसाची नोंद रोज होते, धरणावर ती पोहोचते आणि दरवाजे तिच्या हिशेबाने वर-खाली होतात. खाली उभ्या असलेल्या माणसाला मात्र यातले काहीच ठाऊक नसते.

म्हणून माझी पहिली सूचना अगदी स्वस्त आहे. गर्दी जिथे थांबते तिथे एक मोठा फलक असावा आणि तो दिवसातून निदान दोनदा बदलला जावा : आज किती दरवाजे उघडे आहेत, विसर्ग किती, पाणीपातळी किती, वरच्या केंद्रांवर काल किती पाऊस झाला, आणि पुढच्या काही तासांत विसर्ग वाढण्याची शक्यता आहे की नाही. विसर्गाचे आकडे वर्तमानपत्रांत कधी क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) येतात, कधी क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर), आणि एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक हे न कळल्यामुळे लोक कधी विनाकारण घाबरतात, तर कधी विनाकारण निर्धास्त राहतात. फलकावर दोन्ही आकडे द्यावेत. रेल्वेच्या फलाटावर गाडी कुठून येते आणि किती उशिरा येते हे लिहिलेले असते, तेव्हा प्रवासी रुळांवर उतरून वाकून पाहत नाही. इथेही तसेच होईल असा माझा अनुभवाचा अंदाज आहे. भोंगा वाजला म्हणजे काय करायचे, कोणत्या वाटेने आणि किती वर जायचे, हेही त्याच फलकावर चित्रासह असावे. भोंगा वाजल्यावर काठाकडे धावत जाऊन मोबाईल काढणारी माणसे मी पाहिली आहेत.

या फलकाने आणखी एक गोष्ट साधेल. इथून सुटलेले पाणी पुढे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बंधारे ओलांडून गुजरातच्या उकाई धरणात जाते. २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडाले ते याच तापीच्या पाण्याने. हतनूरवर मौज म्हणून पाहिलेला विसर्ग चारशे-पाचशे किलोमीटर खाली कुणाच्या तरी दाराशी जाणार असतो, हे सहलीला आलेल्या पोराला कळले तर भूगोलाचा एक धडा जागीच होऊन जाईल.

आता एक विसंगती सांगतो, जिच्यावर कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही. पावसाळ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत हे धरण मुद्दामच पूर्ण भरून ठेवत नाहीत. पुराला जागा हवी असते आणि गढूळ पाणी अडवले तर त्यातला गाळ खाली बसतो, म्हणून दरवाजे उघडे ठेवून नदी वाहू दिली जाते. पाऊस ओसरू लागला की टप्प्याटप्प्याने पातळी समुद्रसपाटीपासून २१४ मीटरपर्यंत चढवतात. म्हणजे ऑगस्टमध्ये लाखभर डोळ्यांनी जे पाहिलेले असते ते जलाशयाचे रूप नसतेच, ती वाहती तापी असते. जलाशय खऱ्या अर्थाने तयार होतो तो नवरात्राच्या आसपास, आणि तोवर भज्यांच्या गाड्या उठून गेलेल्या असतात. हतनूरचे सर्वांत सुंदर चार महिने जवळजवळ कोणी न पाहता निघून जातात.

ते चार महिने भिंतीपाशी पाहायचे नाहीत. शेपटाकडे, म्हणजे पाणी जिथे उथळ होत जाते तिथे पाहायचे. त्याचे कारण गाळ.

हतनूरचा एकूण साठा कागदोपत्री ३८८ दशलक्ष घनमीटर आहे, पण १९८२ साली पूर्ण झालेल्या या धरणात चाळीस वर्षांहून अधिक काळ दोन नद्यांची माती येऊन बसते आहे. त्यातही पूर्णा वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीतून येते आणि कपाशीच्या उघड्या रानांची माती पहिल्याच पावसात उचलते. ज्यांच्या केळीला या धरणाच्या कालव्याचे पाणी लागते त्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला, ज्यांच्या नळाला हे पाणी येते त्या गावांना, दीपनगरच्या वीज केंद्राला आणि आमच्या रेल्वेलाही हा गाळ म्हणजे दुखणेच आहे, आणि ते दुखणे मी गोड करून सांगणार नाही. पण त्याच गाळाने संगमाच्या परिसरात गुडघाभर पाण्याची विस्तीर्ण पाणथळ तयार केली. तिथे पाणवनस्पती वाढल्या, शंख-शिंपले आले, मासोळी आली आणि त्यांच्यामागे पक्षी आले. पक्षी इतके आले की पक्षिअभ्यासकांनी देशातल्या महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांची यादी केली तेव्हा तिच्यात हतनूर आले. आपल्या खानदेशातली तोरणमाळ आणि तळोद्याची जंगलेही त्या यादीत आहेत; पण ती निसर्गाने घडवलेली, आणि हतनूर मात्र माणसाने पाणी अडवल्यावर, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, आपोआप घडलेले.

असे पूर्वी एकदा घडले आहे आणि ते उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजी अमदानीत नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला, त्यात गाळ साचला, बेटे तयार झाली, गवत वाढले, पक्षी उतरले. १९८६ साली तिथे अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. आज चापडगावला निरीक्षण मनोरे आहेत, गावातली मुले वाटाडे म्हणून काम करतात आणि हिवाळ्यातल्या रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या तिथे लागतात. दोन नद्यांचा संगम, खाली बंधारा, मध्ये गाळ : हतनूरची कुंडली तीच आहे. फरक एवढाच की तिथे संरक्षण आधी आले आणि पर्यटक नंतर. आपण क्रम उलटा करू नये.

हे सांगण्याला एक कायदेशीर बाजूही आहे. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांमधून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. म्हणजे एखाद्या नैसर्गिक पाणथळीला त्या नियमांखाली जे संरक्षण मिळू शकते, ते हतनूरसारख्या जलाशयाला आपोआप मिळत नाही. इथे काय व्हावे आणि काय होऊ नये हे बऱ्याच अंशी आपल्या आराखड्यातल्या ओळींवर अवलंबून राहणार आहे, म्हणून त्या ओळी लिहिताना थोडे थांबावे.

हिवाळ्यातली सकाळ कशी असते ते थोडे सविस्तर लिहितो, कारण समितीपुढे येणाऱ्या प्रस्तावात ती सहसा नसते. सहाच्या सुमारास पाण्यावर धुके असते आणि काही दिसत नाही, फक्त ऐकू येते. चक्रवाकांचा नाकातून काढल्यासारखा आवाज आधी येतो. मग धुके वर उचलले जाते आणि काळे ठिपके दिसू लागतात. जवळ जावे तर ते वारकरी निघतात. वारकरी हे पाणपक्ष्याचे नाव आहे : अंग काळे, कपाळावर पांढरा टिळा. मुक्ताईच्या गावाशेजारी शेकड्यांनी वारकरी तरंगावेत हा योगायोग मला दर वर्षी नव्याने गंमतीचा वाटतो. त्यांच्यापलीकडे तलवार बदके असतात, चोचीने पाणी चाळत फिरणारे थापटे असतात, डोके लालभडक असलेल्या मोठ्या लालसऱ्या असतात. काठाच्या चिखलात लांब गुलाबी पायांचे शेकाटे असतात आणि कमळपक्षी पानांवरून चालतो. या साऱ्यांत मला थांबवून ठेवतो तो पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा राजहंस मंगोलिया-तिबेटच्या बाजूने हिमालय ओलांडून येतो आणि आपल्या लेखी काय, तर हरभऱ्यात उतरतो.

हरभऱ्याचा उल्लेख मुद्दाम केला. पाणी उतरत जाते तशी उघडी पडणारी जमीन गाळपेरीला दिली जाते, आणि त्या ओलाव्यावर हरभरा, गहू, काकडी, पुढे टरबुजाच्या वाड्या होतात. कादंबांचा थवा कोवळ्या पिकात उतरला तर नुकसान त्या शेतकऱ्याचे होते, छायाचित्र शहरातल्या माणसाचे होते. हा हिशेब बरोबर नाही. पक्षी पाहायला येणाऱ्यांकडून जे शुल्क घेतले जाईल त्यातला ठरावीक वाटा गाळपेर करणाऱ्यांच्या आणि मासेमारी करणाऱ्यांच्या गावांकडे थेट गेला पाहिजे. पूर्वी याच जमिनी कुणाची तरी कायमची शेते होती आणि धरणासाठी गावांनी गावठाणे सोडली, हे विसरून त्या काठावर ‘रिसॉर्ट’ नावाचे काही उभे राहिले, तर पाहणाऱ्याला कदाचित खटकणार नाही, पण काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना खटकेल.

होड्यांच्या बाबतीत उजनी धरणाकडे पाहावे. भिगवणजवळच्या कुंभारगावात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला लोक येतात आणि त्यांना होडीतून नेतात ते तिथले मच्छीमारच. कोणत्या बाजूने वारा घेऊन गेले म्हणजे थवा उठत नाही, हे त्यांना शिकवावे लागत नाही. आपल्याकडे तापीकाठचे भोई आणि कोळी पिढ्यान्पिढ्या हेच पाणी वाचत आले आहेत. एका वयस्कर नावाड्याने मला एकदा वल्ह्याने पाण्याचा रंग दाखवून सांगितले होते की इथे जुनी नदी आहे, खोल. आणि हातभर पलीकडे नुसता गाळ. असा माणूस वाटाड्या म्हणून मिळत असताना बाहेरचा ठेकेदार आणि त्याच्या मोटारबोटी आणण्यात शहाणपण दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात संगमाच्या बाजूला फक्त वल्ह्याची होडी चालावी, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे, थव्यापासून किती अंतर राखायचे ते ठरलेले असावे. इंजिनाची बोट बचावासाठी जरूर असावी; पण पिण्याच्या पाण्यात तेल सांडत केवळ वेगासाठी ती फिरवू नये. ड्रोन, ध्वनिक्षेपक आणि लग्नापूर्वीच्या चित्रीकरणाचे धुराचे नळकांडे यांविषयी मी वेगळे लिहीत नाही. ते चालू नये हे आपणही जाणता.

गाळाविषयी आणखी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती माझ्या घरातली आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीत भाचा सोबत होता, वय चौदा. पाणी मागे सरलेल्या काठावर जमीन वाळून तडकलेली होती, वर बकऱ्यांच्या खुरांचे ठसे होते, म्हणून तो बिनधास्त पुढे गेला. वीस पावलांवर वरचा पापुद्रा फुटला आणि तो मांडीपर्यंत आत गेला. ओढायला गेलो तर माझाही पाय रुतू लागला. तो घाबरून जितका हलला तितका खाली गेला. जवळच्या वाडीतल्या दोघांनी आरडाओरडा ऐकून खाटेची एक बाजू आणली, ती चिखलावर आडवी टाकली, पालथे पडून त्याला आधी छातीवर झोपवले आणि मग हळूहळू बाहेर काढले. चप्पल आतच राहिली. त्या दोघांनी चहाचे पैसेही घेतले नाहीत. आम्ही दोघे धरणाकाठचे म्हणवणारे, तरी आम्हाला ते कळले नाही. मग पहिल्यांदा येणाऱ्याला कसे कळावे? बुडण्याच्या धोक्याच्या पाट्या बऱ्याच ठिकाणी दिसतात, गाळात रुतण्याच्या दिसत नाहीत. जिथे लोक उतरतात तिथे ती पाटी हवी, पक्क्या वाटेला दोन्ही बाजूंनी खुंट हवेत, आणि बाहेर काढायला एक फळी व दोर जवळच्या वाडीत कायम ठेवलेला हवा. हा खर्च कारंज्याच्या एका नळाएवढाही नाही.

बांधकाम करायचेच तर थोडे आणि बुटके असावे. संगमाच्या बाजूला पक्षी न बिचकता पाहता यावेत म्हणून दोन-तीन आडोसे, तेही कपाशीच्या काड्या आणि तुरकाठ्यांच्या कुडाचे चालतील; दर वर्षी नवे बांधले तर गावात तेवढेच काम मिळेल. वाहनतळ पाण्यापासून दूर असावा आणि तिथून चालत यावे लागावे. बायकांसाठी स्वच्छतागृह, ज्याला दार आणि आत पाणी दोन्ही असेल. सावलीसाठी करंज, जांभूळ, कडुनिंब अशी इथलीच झाडे. रात्री दिवे नकोत. उपाहारगृह म्हणून काँक्रीटचे काही उभारण्याऐवजी परिसरातल्या बचत गटांना हिवाळ्यात भरताची पंगत लावू द्यावी. नाहीतरी वांग्याचा आणि पक्ष्यांचा हंगाम एकच आहे. तुरकाठ्यांवर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडगीत ठेचलेले भरीत, कळण्याची भाकरी आणि समोर पाणी, यापुढे कोणत्या हॉटेलचे काय चालणार? पंगतीचा कचरा मात्र ज्याचा त्याने परत न्यावा, आणि पत्रावळ पानांचीच असावी.

चांगदेवच्या देवळाचा विचार या आखणीत वेगळा करून चालणार नाही. हेमाडपंती बांधणीचे हे देऊळ केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि माघ महिन्यात महाशिवरात्रीच्या सुमारास मुक्ताई-चांगदेवाची यात्रा भरते तेव्हा दिंड्या या काठावर येतात. यात्रा आणि पाहुण्या पक्ष्यांचे शेवटचे आठवडे एकाच वेळी येतात. आजवर दोघांचे भांडण झालेले नाही, कारण वारकरी घाटावर आणि देवळात असतात, पक्षी पलीकडच्या उथळात असतात. हे अंतर कायम राहावे म्हणून यात्रेच्या दिवसांत होड्या कोणत्या बाजूला चालतील एवढे आधी ठरवले तरी पुरे. जाता जाता एक : चौदाशे वर्षांचा म्हणवणाऱ्या याच चांगदेवांनी ज्ञानदेवांना मायना सुचेना म्हणून कोरे पत्र धाडले होते. मला तेवढी सिद्धी नसल्याने पत्र एवढे भरले, त्याबद्दल क्षमा असावी.

मार्चनंतर हतनूरला विश्रांती द्यावी, असे मला वाटते. पातळी उतरते, पक्षी निघून जातात, राहिलेल्या पाण्यावर शहरांच्या नळांचा आणि केळीच्या बागांचा हक्क असतो, आणि काठावर टरबुजांची वर्दळ असते. त्या दिवसांत पाहण्यासारखे थोडे आणि ऊन फार. फलक रंगवणे, वाटा दुरुस्त करणे, होड्यांना डांबर लावणे, वाटाड्यांचे वर्ग घेणे ही कामे तेव्हा उरकावीत. मार्चअखेरीस निधी संपवण्याची घाई सगळीकडेच असते हे मी नोकरीत पाहिलेले आहे. इथे निदान ती कामे उघड्या पडलेल्या गाळावर मुरूम टाकून होऊ नयेत.

हीच फूटपट्टी जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या इतर पाण्यांनाही लावता येईल, पण मोजमाप प्रत्येक ठिकाणी वेगळे येईल. सातपुड्याच्या पायथ्याचे सुकी धरण पालच्या जंगलाला लागून आहे. शिरपूरकडच्या अनेर धरणाभोवती अभयारण्यच आहे. वाघूरचे पाणी जळगावकर पितात. नर्मदेच्या बुडिताचे धडगाव-अक्कलकुव्याकडचे पाणी दिसायला देखणे असले, तरी त्याच्या काठावर पुनर्वसनाचे दुःख अजून ओले आहे. एकाच नकाशाच्या प्रती काढून सगळीकडे चिकटवू नयेत, इतकेच.

शेवटी एक आमंत्रण. प्रस्तावावर सही होण्याआधी आपल्यापैकी चार-पाच जणांनी डिसेंबरातल्या एखाद्या कामाच्या दिवशी, रविवारी नव्हे, चांगदेवला यावे. लवाजमा नको, एक गाडी पुरे. पहाटे साडेपाचला भुसावळहून निघाले तर महामार्गाने उजाडायच्या आत पोहोचता येते. होडीवाल्याला आदल्या संध्याकाळी निरोप द्यावा लागतो, तो मी देईन. स्वेटर आणि कानटोपी आणावी, पाण्यावर गारठा अंदाजापेक्षा जास्त असतो. पांढरे कपडे टाळावेत, पक्षी लांबूनच उठतात. माझ्याकडे दुर्बिणी दोनच आहेत, तेव्हा कुणाकडे असल्यास घेऊन यावी. परतीला नऊ वाजतात आणि साडेदहाच्या बैठकीला जळगावात वेळेवर पोहोचता येते, हे मी वेळापत्रक मांडून पाहिले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
भुसावळचा एक निवृत्त रेल्वे कर्मचारी